शार्त्रच्या काचेत मल्हारगंजचा पोहेवाला

फ्रान्सहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "आयफेल टॉवर बघितला ना?" आमच्या यांनी बघितला, टॅक्सीच्या उजव्या खिडकीतून. मी डावीकडे बसले होते, त्यामुळे मला एक बस आणि पेट्रोल पंप दिसला. बाकी पॅरिस जिथल्या तिथे सुखरूप आहे, आम्ही त्याला हात लावला नाही. आमचा सगळा मुक्काम तिथून तासाभरावरच्या शार्त्र नावाच्या गावात होता. तिथे आम्ही आठवडाभर माना वर करून आठशे वर्षांपूर्वीच्या रंगीत काचा बघितल्या. मान अजून दुखते. पण इतक्या खुळ्या आनंदात आम्ही दोघं लग्नानंतर कधी राहिलो नव्हतो, आणि इतके घाबरलोही नव्हतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माणसं सांगते. हे म्हणजे माझे यजमान, शरद. इंदूरच्या मल्हारगंजात यांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. देवादिकांच्या तसबिरी, मुलांची सर्टिफिकेटं, लग्नातली जोडपी आणि पुढेमागे त्याच जोडप्यांतला एकेक जण हारासकट, सगळे यांच्या काचेखालून जातात. मी शाळेत गणित शिकवत असे, आता निवृत्त. मुक्ता आमची एकुलती एक मुलगी. दुकानात बसून काचेचे तुकडे कापण्याचा तिला लहानपणापासून नाद. तो नाद वाढत वाढत दोन वर्षांपूर्वी तिला शार्त्रच्या एका काचकामाच्या शाळेत घेऊन गेला. यांना ते मुळीच पसंत नव्हतं. "काच काय इथे मिळत नाही? सांवेर रोडला ट्रक भरभरून उतरते," असं ते येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत. इंदूरबाहेर राऊला नवे बंगले होताहेत, तिथल्या जिन्यांमध्ये रंगीत काच बसवायची दोन कामंही त्यांनी मुक्तासाठी बोलून ठेवली होती.

आता तिची शेवटची परीक्षा होती. एक काचचित्र आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करून दाखवायचं. पास झाली तर जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांमध्ये तिला तिथेच काम मिळणार. नापास झाली तर व्हिसा संपणार, आणि बाडबिस्तरा उचलून इंदूर. "परीक्षेला या, मी काय करते ते एकदा बघून तर जा," असं ती म्हणाली आणि आम्ही निघालो. यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर थोडंसं माझ्याही मनात तेच होतं.

गव्हातून वर

शार्त्रची गाडी सपाट शेतांमधून जाते. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, देवासच्या बाजूला असतो तसा. "इतकं लांब येऊन शेवटी गहूच बघायचा!" हे म्हणाले. तेवढ्यात त्या गव्हातूनच दोन कळस वर आले. गाव नाही, घरं नाहीत, नुसते कळस. एक साधा, सरळ, आणि दुसरा नक्षी करकरून उंच गेलेला. दोघांत जवळजवळ साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे असं नंतर कळलं. "बापानं एक बांधला, पोरानं दुसरा," यांनी निकाल दिला, "आणि दोघांचं जमत नसणार."

स्टेशनवर मुक्ता उभी होती. केस कापून मुलासारखे केलेले, आणि बोटांना जागोजागी चिकटपट्ट्या. यांनी आधी तिची बोटं तपासली आणि मग तिला जवळ घेतलं. आमच्या दोन बॅगांपैकी एक पोह्यांची, शेवेची आणि जीरावनाची आहे हे कळल्यावर तिने भर फलाटावर उडी मारली. जीरावन म्हणजे आमचा इंदुरी मसाला. तो घातला की काहीही खाता येतं, आणि पुढचे दिवस आम्ही खरोखरच काहीही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल, म्हणजे त्या दोन कळसांचं थोरलं चर्च. दाराशी हे वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"बाबा, इथे जूते घालूनच जातात."

"मंदिरात?"

"हो."

"आणि देवाला चालतं?"

"देवाला इथली थंडी माहीत आहे. चला!"

आत शिरलो तर काळोख. अंधारात माणूस चाचपडत पाय टाकतो तशी मी दोन पावलं गेले, आणि मग वर बघितलं. आता काय सांगू! भिंती नव्हत्याच, रंग होते. निळा तर असा की निळ्याला आजवर मी उगाचच निळा म्हणत आले असं वाटलं. त्यात लाल, थोडा पिवळा, थोडा हिरवा, आणि त्या रंगांमध्ये उभी, बसलेली, वाकलेली शेकडो माणसं. राजे, साधू, आया, घोडे, होड्या. ऊन फिरलं तसे ते रंग खाली फरशीवर उतरले आणि एका टकल्या पाहुण्याच्या डोक्यावर जांभळा गोळा येऊन बसला. मी मोठ्यांदा हसले. तिथे कोणी मोठ्यांदा हसत नाही, पण मला राहवेना.

यांचं लक्ष भलतीकडे होतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी आतल्या भिंतींवरची शतकांची काजळी काढून त्या उजळ केल्या. पुष्कळ जाणकारांना ते मुळीच आवडलं नाही, जुनेपण गेलं म्हणून फार आरडाओरडा झाला. मुक्ताने हे सांगितल्यावर यांची छाती फुगली. "बरोबर केलं! कोणीतरी आपल्या इंदूरचा येऊन गेला वाटतं इथे." सफाईत देशात पहिल्या आलेल्या गावच्या माणसाला जुनी काजळी म्हणजे इतिहास हे पटवणं अवघड आहे.

एका खिडकीपाशी हे एकाएकी थांबले आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "काय झालं?" मी विचारलं. "अगं, दत्त!" वर बघते तर खरंच, एका गोलात तीन तोंडांचा पुरुष. मुक्ता पोट धरून हसली. तो जानेवारी महिना होता. बारा महिन्यांच्या खिडकीत जानेवारीला तीन तोंडं दिली आहेत, एक सरत्या वर्षाकडे, एक नव्याकडे आणि एक आपल्याकडे बघणारं. "असू दे," हे म्हणाले, "एकदा जोडलेले हात वापस नाही घेत."

शेजारच्या साठेकाकांनी आम्हाला दुर्बीण दिली होती. एरवी ते ती सिरपूर तलावावरचे पक्षी बघायला वापरतात. त्या दुर्बिणीतून मी वरची माणसं जवळ आणली आणि दचकलेच. जवळून त्यांचे डोळे उकडलेल्या अंड्यांएवढे, नाक म्हणजे एक जाडी रेघ, हात तर पंजे. दुर्बीण काढली की तीच माणसं देखणी. मग आम्ही दोघं दुर्बीण लावायची, काढायची, लावायची, असा खेळच करत बसलो. दक्षिणेच्या बाजूला चार थोरल्या बाप्यांच्या खांद्यांवर चार माणसं पाय सोडून बसली आहेत. खालचे बायबलमधले जुने प्रेषित आणि वरचे नंतरचे ग्रंथकार, जुन्यांच्या खांद्यावरून नव्यांना लांबचं दिसतं असा त्याचा अर्थ. आम्हाला मात्र इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, आठवले. गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून पोरं झाकी बघतात, अगदी तशीच ती बसली होती.

सगळ्यात गंमत पुढे झाली. एक खिडकी आम्ही मन लावून वरपासून खालपर्यंत वाचली. कोणी संत असावा. आधी तो स्वर्गात गेला, मग मेला, मग आजारी पडला, मग त्याचं लग्न झालं आणि शेवटी तो जन्माला आला. "अच्छा है," हे म्हणाले, "शेवट गोड." मुक्ता म्हणाली, "अगं आई, या खिडक्या खालून वर वाचायच्या असतात!"

म्हणून खाली बघितलं, आणि यांना त्यांची माणसं भेटली. कित्येक खिडक्यांच्या पार तळाशी, हात पोचेल न पोचेल इतक्या उंचीवर, साधे कामकरी आहेत. टाका ओढणारा चांभार. भाकऱ्यांची टोपली घेतलेला बेकरीवाला. गिऱ्हाइकापुढे फरची शाल झटकणारा दुकानदार. ज्या धंद्याच्या लोकांनी ती खिडकी दिली त्यांचं चित्र तळाशी, असं मानतात. विद्वानांचं त्यावर एकमत नाही, हे मुक्ताने लगेच जोडलं.

"म्हणजे पंखाच," हे म्हणाले. आपल्याकडे देवळात पंखा दिला की पात्यावर 'कैलासवासी अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' लिहून घेतात. पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून काही जण तो फिरूच देत नाहीत. हे बराच वेळ त्या चांभारासमोर उभे राहिले. "नाव नाही लिहिलं बघ. काम लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा मुक्ताने सांगितलं की तिच्या परीक्षेचा विषय हाच आहे. आपल्या गावचा एक धंदा, या जुन्या रीतीने. तिने मल्हारगंजचा पोहेवाला घेतला होता, आमच्या दुकानासमोर रोज सकाळी गाडी लावणारा. तीस वर्षं हे त्याच्याकडे उभ्याने नाश्ता करतात, मी घरी काहीही केलेलं असो.

कार्यशाळा

मंगळवारी तिची शाळा बघायला गेलो. एका जुन्या कोठारात लांब टेबलं, भिंतीला काचेचे तक्ते उभे, आणि मध्यभागी खालून दिवे लावलेलं एक टेबल. त्यावर मुक्ताचा पोहेवाला सुटा सुटा मांडलेला होता. लाल काचेचा सदरा, पिवळ्या काचेचे पोहे, वाफेसाठी दुधी काच, आणि गुलाबीसर काचेच्या तुकड्यावर चेहरा. तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे बाकी होते.

तिच्या बाई, मदाम ओदिल, चष्मा कपाळावर ठेवून शाळाभर तो शोधत हिंडतात. पोहेवाल्याच्या चेहऱ्याबद्दल त्यांचं मत आधीच देऊन झालं होतं. मुक्ताने ते आम्हाला मराठीत सांगितलं: हा माणूस फार सुंदर आहे, पण याने आयुष्यात कधी काही विकलेलं नाही. ऐकून तिचा जीव चार दिवस टांगणीला लागलेला. पण चेहरा नीट उतरला होता, मेहनत दिसत होती, तेवढ्यावर निभेल अशी तिला आशा होती.

जेवायची वेळ झाली. फ्रान्समध्ये जेवायची वेळ झाली की भूकंप आला तरी माणसं टेबलावरून उठत नाहीत, आणि काम हातात असलं तर ते तिथेच टाकून टेबलावर जातात. बघता बघता कोठार रिकामं झालं. मुक्ता आमच्यासाठी ब्रेड आणायला निघाली.

"बाबा, प्लीज, कुठेही हात नका लावू. समझे?"

"अगं, तीस साल झाले काच हाताळतोय. मला काय सिखवतेस?"

मी लांबच्या भिंतीशी काचेचे तक्ते बघत होते. तिथे एक असा हिरवा होता की त्याची साडी असती तर मी कर्ज काढलं असतं. मागून आवाज आला, "हाऽऽ." हा आवाज मी लग्न झाल्यापासून ओळखते. फ्रेम गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी हे काचेवर तोंडाची वाफ सोडतात आणि रद्दीच्या बोळ्याने काच पुसतात. ती पुसल्याशिवाय दुकानातून काही बाहेर जात नाही. मी वळून बघितलं. हे फ्रेंच वर्तमानपत्राचा बोळा करून हसतमुखाने काहीतरी उजेडात धरत होते.

"बघ, कसं लख्ख निघालं! सगळे तुकडे चकाचक आणि हा एकच धुळीने माखलेला. पोरीचं लक्ष नाही."

त्यांच्या हातात गुलाबीसर काच होती, आरपार स्वच्छ. पोहेवाल्याला तोंड नव्हतं.

आता हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून इथे सांगते. काचेवरचा तपकिरी रंग म्हणजे लोखंडाची भुकटी आणि काचेची पूड, व्हिनेगरमध्ये वाटलेली. तो वाळला की नुसती धूळ असतो. भट्टीत भाजला की काचेत मुरतो आणि मग शतकानुशतकं जात नाही. मुक्ताचा चेहरा त्या दुपारी भट्टीत जायचा होता.

ती ब्रेड घेऊन आली. तिने टेबलाकडे बघितलं, यांच्या हाताकडे बघितलं, बोळ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्हाला मला परतच न्यायचं होतं ना?"

हे एका पालथ्या बादलीवर बसले आणि बोळा मुठीत दाबत राहिले. दोघांपैकी कोणाजवळ आधी जावं ते मला कळेना, म्हणून मी मध्येच ब्रेड हातात घेऊन उभी.

ओदिलबाई जेवून आल्या. मुक्ताने फ्रेंचमध्ये चार वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, तिथे त्यांना चष्मा सापडला, तो लावून त्यांनी ती स्वच्छ काच बघितली आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता टेबलाला धरून वाकल्या. मग त्यांनी मुक्ताच्या पाठीत थाप मारून काहीतरी म्हटलं. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. मुक्ता रडव्या आवाजात म्हणाली, "म्हणतायत, तुझ्या वडिलांनी नेमकं तेवढंच पुसलं जे मला आवडलं नव्हतं."

परीक्षा शुक्रवारी. भाजायला आणि भट्टी हळूहळू निवायला गुरुवारपर्यंतचा वेळ लागणार. म्हणजे नवा चेहरा बुधवारी व्हायलाच हवा होता.

पोहे, कार्यशाळेत

बुधवारी सकाळी मुक्ता मोबाईलवरचा पोहेवाल्याचा फोटो समोर ठेवून बसली. तीनदा चेहरा काढला, तीनदा स्वतःच पुसला. तोच सुंदर माणूस परत परत येत होता. आमच्याशी ती बोलत नव्हती. हे दाराशी घुटमळत होते, शेवटी धीर करून टेबलापाशी गेले, हात मात्र पाठीमागे बांधून.

"हा फोटो काढताना तू त्याला सांगितलं होतंस का, फोटो काढतेय म्हणून?"

"हो. मग?"

"म्हणूनच. फोटोला उभा राहिला की तो दूल्हा बनतो. पोहे देताना कसा दिसतो ते बघायला पायजे."

"बाबा, तो मल्हारगंजात आहे. मी शार्त्रमध्ये आहे."

"मी दाखवतो."

आणि यांनी मला हुकूम सोडला की पोहे कर. शाळेच्या चहाच्या खोलीत एक शेगडी होती. मी कांदा कापला, पोहे भिजवले, मोहरी तडतडली. त्या वासाने कोठारातली दहा-बारा माणसं एकेक करून आत डोकावली. इंदुरी पोहे वाफेवर ठेवतात, म्हणून खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वर पोह्यांचं भांडं. यांनी ते सगळं मुक्ताच्या टेबलासमोर आणून मांडलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या, खांद्यावर फडकं टाकलं आणि एकदम आवाज चढवला.

"आओ भिया, आओ! गरमागरम! लाइन से, लाइन से!"

फ्रेंच माणसांना रांग कळते. क्षणात रांग लागली. हे झाकण उचलायचे, वाफेत तोंड मागे घ्यायचे, झारा आपटायचे, कागदी बशीत पोहे, वरून शेव, आणि हातभर उंचीवरून जीरावनाची चिमूट. "सेव ज़्यादा? तीखा? चलो, पुढचे!" ओदिलबाई दुसऱ्यांदा रांगेत आल्या, मग तिसऱ्यांदा. एका पोरीला जीरावनाचा ठसका लागला, ती डोळे पुसत पुसत पुन्हा बशी पुढे करत होती. मी चौथीच्या वर्गासारखी टाळ्या वाजवत होते. मला कशाचीच शुद्ध नव्हती.

"बघ, मुक्ता," हे झारा चालू ठेवून म्हणाले, "हात बशीवर आहेत. पण तो बशीकडे कधी बघतच नाही. त्याची नजर तिसऱ्या गिऱ्हाईकावर. हा माणूस भूका आहे का, निघून तर जाणार नाही. भुवईनंच विचारतो."

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ब्रश उचलला.

"बाबा, मान तशीच ठेवा! थांबू नका. बोलत राहा!"

ती झपाझप जाड्या रेघा ओढत होती. नाजूक छटा नाहीत, फुंकर घालून रंग मऊ करणं नाही. रंग थोडा वाळला की काडीने खरवडून मिशीचे केस काढले. पोहे संपायच्या आत चेहरा झाला. मी जवळ जाऊन बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुक्ते, हे तर भूत आहे गं!" डोळे एवढाले, बुबुळं पार कोपऱ्यात, नाक म्हणजे एक रेघ.

"आई, दुर्बिणीतून तुला सगळेच भूत दिसत होते ना? याला वर जाऊ दे."

ती माझ्याशी बोलली होती. यांच्याशीही बोलली होती. मी गुपचूप चहाच्या खोलीत जाऊन डोळ्यांना पदर लावला.

नदीकाठी

गुरुवारी भट्टी निवत होती आणि आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. गावाच्या खालच्या अंगाला एक बारीक नदी आहे, काठावर पाण्यात उतरणारे जुने धोबीघाट. पुलाजवळ एका बाईकडे आम्ही साखर-लिंबू लावलेलं त्यांचं धिरडं खाल्लं, तिकडे त्याला क्रेप म्हणतात. ते आपल्या घावनाचंच मावसभावंड. यांनी खिशातून जीरावनाची पुडी काढली आणि त्यावर भुरभुरली. ती बाई बघतच राहिली, मग तिने चिमूटभर मागून घेतलं.

पण यांचा जीव भट्टीत होता. भट्टी जास्त तापली तर रेघा उडून जातात. कमी तापली तर रंग काचेला धरत नाही, दिसतो ठीक आणि फडकं लागताच निघतो. हे मुक्ताने सांगितल्यापासून यांनी दहादा विचारलं होतं. बाकावर बसल्यावर म्हणाले,

"मी मुद्दाम नाही गं पुसलं."

"मला माहीत आहे."

"पण ती काय म्हणाली ना... काच पुसून झाली, तिचं तोंड बघितलं, तेव्हा एक सेकंद वाटलं मला. चलो, आता येईल घरी."

मी त्यांचा हात धरला. मलाही तो एक सेकंद तसंच वाटलं होतं, आणि मी ते सांगून टाकलं. मग आम्ही दोघं दोन चोरांसारखे त्या पाण्याकडे बघत बसलो. घर सुनं वाटतं त्याला काय करणार? पण आदल्या दिवशी ब्रश धरलेली तिची मान मी बघितली होती, आणि ती मान राऊच्या जिन्यात मावणारी नव्हती.

शुक्रवार

परीक्षक बाहेरगावचे होते, उंच, मिशीवाले, गळ्याला बो, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. पोहेवाला रात्रीतून शिशात जोडून कोठाराच्या सगळ्यात उंच खिडकीत बसवला होता. आम्ही दोघं मागे भिंतीला चिकटून उभे.

ऊन आलं. मी वर बघितलं आणि यांचं मनगट घट्ट पकडलं. भूत कुठच्या कुठे गेलं होतं. लाल सदऱ्यातला आमचा पोहेवाला वाफेमागून डोळा तिरपा करून बघत होता, अस्सल, बेरकी, घाईतला. आत्ता बोलेल असा. "अरे यार," हे पुटपुटले, "हा तर उधार मागू देणार नाही."

परीक्षक डावीकडे गेले, उजवीकडे गेले, परत मध्ये आले. काहीतरी विचारलं. मुक्ता उत्तर देताना हसली. लगेच ते गृहस्थ गर्रकन मागे वळले आणि आमच्याकडे बघायला लागले. ओदिलबाई फस्सकन हसल्या. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं की हा माझ्याकडे न बघता कोणाकडे बघतोय, आणि मुक्ता म्हणाली होती, तुमच्या मागच्या गिऱ्हाईकाकडे.

मग चित्र खाली उतरवलं. त्यांनी शिशाचे सांधे दाबून बघितले, कडा तपासल्या, पाठ तपासली. शेवटी खिशातून पांढरं फडकं काढलं. भाजणं नीट झालं का ते बघायला आता चेहरा पुसायचा होता.

मुक्ता पुढे झाली. तिने परीक्षकांना काहीतरी सांगितलं, लांबलचक, हातवारे करून. त्यात मला 'पापा' तेवढं कळलं. त्या माणसाच्या मिशीखाली पहिल्यांदा काहीतरी हललं. त्याने फडकं तिच्या हातात दिलं, आणि ती ते घेऊन सरळ आमच्याकडे आली.

"बाबा, तुम्ही पुसा."

"मी? नको, नको. मी नाही."

"पुसा हो."

"अगं, निघालं तर?"

"तर निघालं. पण तुम्हीच पुसा. दुकानात पुसता तसं."

हे पुढे गेले. त्यांनी वाकून काचेवर "हाऽऽ" केलं, तसा पोहेवाला धुक्यात बुडाला. मग त्यांनी पुसायला सुरुवात केली, आधी कडेने, मग मध्ये, मग सवयीने जोर चढत गेला आणि गिऱ्हाईक खोळंबलं असल्यासारखं खसाखसा पुसलं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा पोहेवाला होता तिथेच होता, मिशीचा एक केस हललेला नव्हता. परीक्षकांनी फडकं उलटून पालटून बघितलं. ते कोरं होतं. त्यांनी मुक्ताशी हात मिळवला, मग यांच्याशी, आणि फडकं परत यांच्याच हातात दिलं.

"पास?" यांनी विचारलं. मुक्ताने जोरजोरात होकाराची मान हलवली.

"म्हणजे तू नाही येत आमच्याबरोबर," हे म्हणाले, आणि इतक्या मोठ्यांदा हसले की ओदिलबाई दचकल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या त्यांनी त्याच फडक्याने पुसल्या.